बैलगाडीचे कौतुक पुरे, आता तपासणीचे सांगा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भारताच्या अवकाश कार्यक्रमावर आपण पानभर लेख छापलात. मथळ्यात बैलगाडीही होती आणि चंद्रही. मधोमध बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचे मोठे छायाचित्र, आणि खाली ओळ, की भारताचा पहिला उपग्रह आर्यभट असा नेला गेला. चित्रातला उपग्रह आर्यभट नाही. तो 'ॲपल' आहे, १९८१ सालचा. आर्यभट त्याच्या सहा वर्षे आधी, १९ एप्रिल १९७५ रोजी, अवकाशात गेला होता. दोघांत गल्लत व्हावी असे साम्यही नाही. आर्यभट २६ पैलूंचा, ॲपल नळकांड्यासारखा गोल. १९७६ पासून पुढे कित्येक वर्षे दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर आर्यभटाचे चित्र होते. कुणाच्या जुन्या पाकिटात ती नोट असेल तर त्याने ती छायाचित्राशेजारी धरून पाहावी.

ओळ चुकली, ठीक आहे. वर्तमानपत्र रोज काढायचे म्हणजे चुका व्हायच्याच. मला लिहायला बसवले ते लेखाच्या एकंदर सुराने. सायकलवरून रॉकेट नेले, चर्चमध्ये प्रयोगशाळा थाटली, बैलगाडीवर उपग्रह ठेवला, स्वच्छतागृहात संदेश घेतले, आणि बघा, गरिबाघरची पोरे जुगाड करून कुठच्या कुठे पोहोचली! वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो हे मान्य. पण ज्या कामामुळे ती माणसे तिथवर पोहोचली, त्या कामाबद्दल अख्ख्या पानात एक वाक्य नाही.

मी कोण, हे सांगायला हवे. चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या लहानमोठ्या कारखान्यांत मी तपासणी खात्यात नोकरी केली, आयटीआय झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत. हातात मायक्रोमीटर, खिशात लाल खडू. तपासणीवाला कारखान्यात कुणालाच आवडत नाही. प्रॉडक्शनवाले म्हणतात हा माल अडवतो, मालक म्हणतो हा फुकटचा पगार खातो, आणि गिऱ्हाइकाकडून माल परत आला की दोघे मिळून विचारतात, "तेव्हा तू काय झोपला होतास?" तेव्हा जुगाडाचे आणि माझे जन्माचे वैर आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे. जुगाडाने आजचे भागते. पण जो जॉब एकदा वर गेला की त्याला पाना लावायला कुणी जाऊ शकत नाही, त्याचे काय?

आधी बैलगाडीचेच घेऊ. ॲपल हा दळणवळणाचा उपग्रह. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान रॉकेटने तो फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडला. त्याआधी त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती. उपग्रह ट्रकवर ठेवला असता तर ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावरून रेडिओलहरी उलटल्या असत्या आणि मोजमाप बिघडले असते. लाकडाची गाडी आणि तिला ओढणारे बैल, दोन्हींत धातू जवळजवळ नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर बैलगाडी हे त्या चाचणीचे फिक्स्चर, म्हणजे मोजताना जॉब धरून ठेवायचे साधन, होते. आकडा खरा यावा म्हणून ती आणली होती. ट्रकचे भाडे परवडत नव्हते अशातला भाग नाही.

सायकलचेही तसेच. ते केरळातल्या थुंबा या रॉकेट तळाच्या सुरुवातीच्या काळातले चित्र. तिथून उडत होती ती रॉकेटे उपग्रह सोडणारी नव्हती. सरळ वर जायचे, वाटेत मोजमाप करायचे आणि समुद्रात पडायचे, एवढेच त्यांचे काम. अशा रॉकेटचे टोक एक माणूस उचलून नेईल इतपतच असे. ते कॅरिअरला बांधून थोड्या अंतरावर नेले तर बिघडले काय? पिंपरीतल्या मोठमोठ्या कारखान्यांत एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये सुटे भाग सायकलवरून जाताना मी पाहिले आहेत. त्यावरून त्या कारखान्यांना कुणी दरिद्री म्हटले नाही.

आणि चर्च. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंबाच्या अगदी जवळून जाते. त्या पट्ट्यात जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. विमान आणि बलून तेवढ्या उंचीवर पोहोचत नाहीत, आणि उपग्रहाला ती उंची फार कमी पडते, तिथल्या विरळ हवेतही तो टिकत नाही. तिथले मोजमाप घ्यायचे तर लहान रॉकेटच लागते. म्हणून जागा हवी होती ती नेमकी तीच. तिथे कोळ्यांची वस्ती होती आणि सेंट मेरी मॅग्डलिन चर्च उभे होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांची समजूत घातली आणि चर्चसह जागा देऊ केली. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे, 'नायकी-अपाची'; त्यातले सोडियमची वाफ सोडणारे उपकरण फ्रान्सचे. ज्या वस्तीने घरे सोडली तिच्याबद्दल खरे तर वेगळा लेख व्हायला हवा. पण आपल्या लेखात चर्च आले ते 'इमारत बांधायला पैसे नव्हते' एवढ्यासाठी. चुंबकीय विषुववृत्ताचा उल्लेखही नाही.

एक स्वच्छतागृह तेवढे मी सोडून देतो. आर्यभटाच्या वेळी बंगळुरूत जागेची टंचाई होती आणि एका स्वच्छतागृहाचे संदेश घेण्याचे केंद्र करावे लागले, असे ते काम सांभाळणारे प्रा. यू. आर. राव स्वतः सांगत. ती खरोखरची अडचण होती. तिला अडचणच म्हणावे.

लेखात आणखी एक घोटाळा आहे. १९७५ साली खेड्यापाड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचली ती आर्यभटामुळे, असा समज लेख वाचून होतो. आर्यभटाचे ते कामच नव्हते. तो प्रयोग 'साइट' या नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत, अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहावरून तो चालला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आमच्या खेड्यांना टीव्हीसाठी पुढे बरीच वाट पाहावी लागली. तर त्या खेड्यांत छपरावर किंवा अंगणात जी अँटेना बसवली होती ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची होती. झाले! जुगाडवाल्यांना आणखी एक चित्र मिळाले. पण त्या प्रक्षेपणाच्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीचे भोक त्यापुढे अगदीच लहान. एवढ्या लांब लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच वाटते. मग पत्रा कशाला ठोकायचा? वजन वाढते, वारा अडतो आणि हाती काही लागत नाही.

हे पटत नसेल त्याने नारायणगावजवळ खोडदला जावे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि सगळ्यांना तारेची जाळी आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती रचना केली ती याच हिशेबाने: लहर लांब, म्हणून जाळी चालते, जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो. विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरते. एका वर्षी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ बरोबर होते. मान वर करून बराच वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, "पत्रा लावायला ग्रँट पुरली नसणार." मी त्यांना लहरलांबी समजावून सांगितली. ते हो हो म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा दुसऱ्यांना पुन्हा तेच सांगत होते. तिथून जवळच आर्वी. सत्तरच्या दशकाच्या आरंभी परदेशी दळणवळणासाठीचे देशातले पहिले उपग्रह भूकेंद्र तिथे उभे राहिले, विक्रम साराभाईंच्या नावाचे. आपल्याच जिल्ह्यात. त्याचाही लेखात उल्लेख नाही, पण सगळेच एका पानात कसे मावणार.

आता आर्यभट. अवकाश कार्यक्रमाचा पाया घालणारे साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी अचानक गेले. आपला उपग्रह त्यांच्या रॉकेटने सोडण्याचा सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार झाला १० मे १९७२ ला. इस्रोची धुरा सतीश धवन यांच्याकडे आली, आणि उपग्रह बांधायचे काम यू. आर. राव यांच्याकडे. बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतले. पीन्या म्हणजे आपल्या भोसरीसारखीच वसाहत: शेजारी लेथ खडखडत असणार, पलीकडे प्रेसचे ठोके. तिथे करार झाल्यापासून तीन वर्षांच्या आत ३६० किलोचा उपग्रह तयार झाला. वरचा आणि खालचा पैलू सोडून बाकीच्या २४ पैलूंवर सौरघट, आणि त्या सगळ्यांतून मिळणारी वीज सुमारे ४६ वॅट. घरातल्या साध्या छताच्या पंख्याला याहून जास्त लागते. तेवढ्यात क्ष-किरणांचा वेध, सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांचा शोध आणि वरच्या वातावरणाची मोजमापे असे तीन प्रयोग चालवायचे होते.

सोव्हिएत रशियाने काय दिले तेही स्पष्ट लिहावे. रॉकेट त्यांचे, कापुस्तिन यार हा तळ त्यांचा, सौरघट, बॅटऱ्या आणि टेप रेकॉर्डरही त्यांच्याकडून आले. हे सांगितल्याने आपले काही कमी होत नाही. स्टोअरमध्ये विकत आणलेल्या मालाचे आणि घरात केलेल्या मालाचे रजिस्टर वेगळे ठेवतात, तसे ठेवावे. आर्यभट हा भारताने बांधलेला पहिला उपग्रह. आपल्या रॉकेटने आपण सोडलेला पहिला उपग्रह म्हणजे १८ जुलै १९८० चा, ३५ किलोचा रोहिणी. शाळकरी मुलांना या दोन गोष्टी एकच वाटतात, कारण त्यांना सांगणारे मोठेही त्या एकच समजतात.

असा उपग्रह दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. म्हणजे थोडा वेळ कडक ऊन, मग सावली, पुन्हा ऊन. वर हवा नाही, त्यामुळे आतली उष्णता वाहून न्यायला काही नाही. एखाद्या सर्किटला आपले गरम होणे सोसत नसेल तर त्याला वारा घालणारे कुणी नाही. आणि त्याआधी रॉकेटवरचे काही मिनिटांचे हादरे. हे सगळे जमिनीवरच करून बघावे लागते: निर्वात पेटीत घालून तापवायचे, गारठवायचे, कंपन यंत्रावर थरथरवायचे, आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून पुन्हा मोजायचे. एक मॉडेल सांगाड्याच्या चाचणीचे, एक विजेच्या जोडण्यांचे, आणि प्रत्यक्ष उडणारे वेगळे. पीन्यातल्या त्या तरुण मंडळींपैकी बहुतेकांनी त्याआधी उपग्रह डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या हातून काय घडले हे समजायला माझ्यासारख्याला एक साधा प्रसंग पुरला. तो सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी ज्या कारखान्यात होतो तिथे अवकाश खात्याचे एक लहानसे काम आले. मिश्र पोलादाच्या रिंगा होत्या. कुठल्या रॉकेटला, कुठे बसणार, हे आम्हाला सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. ड्रॉइंगवरची मापे कडक होती, पण आमच्याकडचे जुने टर्नर हाताचे पक्के. मापात सगळ्या रिंगा उतरल्या. तिरुवनंतपुरमहून तपासनीस आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे मल्याळी गृहस्थ. स्वतःचे भिंग स्वतःच्या पिशवीत. मालकांनी चहा आणि बाकरवडी मागवली. त्यांनी चहा घेतला, बाकरवडीला हात लावला नाही, कारण बोटांना तेल लागले असते.

एकेक रिंग ते हातात घेत, भिंगाने कडेवरचा ठसा वाचत आणि कागदावर खूण करत. पोलादाचा जो घाणा ओतला असेल त्याचा नंबर मालावर ठोकलेला असतो. आम्ही त्याला हीट नंबर म्हणतो. लेथवर तोंड मारताना, म्हणजे कड कापून सपाट करताना, तो ठसा कापला जाणार असेल तर आधी तोच नंबर दुसऱ्या जागी, तपासणीवाल्याच्या देखत, ठोकून घ्यायचा असा नियम. एका रिंगेवर ठसा नव्हता. रात्रपाळीत कुणीतरी घाईने तोंड मारून मोकळा झाला होता.

मालक म्हणाले, "साहेब, या मालाची एकच लॉट आली होती. दुसरा माल आमच्या शेडमध्ये आलाच नाही. ही त्याच हीटची आहे, मी लिहून देतो."

त्यांनी रिंग पुन्हा एकदा सगळीकडून पाहिली. मापे घेतली. तीही बरोबर आली. मग त्यांच्या तुटक हिंदीत म्हणाले, "पीस अच्छा होगा. लेकिन ये कौन सा पीस है, मुझे नहीं मालूम."

रिंग रिजेक्ट झाली. एवढ्यावर भागले नाही. त्यांनी तिच्यावर लाल रंगाचा पट्टा मारायला लावला आणि मग, मालकांच्या देखत, हॅकसॉने तिला आरपार काप द्यायला लावला, म्हणजे ती चुकूनसुद्धा चांगल्या मालात मिसळायला नको. काप ज्या टर्नरने दिला तो त्या शेडमधला सर्वांत जुना माणूस. हात चालू होता आणि तोंडाने तो जे पुटपुटत होता ते वर्तमानपत्रात छापता येणार नाही. पण पुढे त्याच शेडमध्ये तोच माणूस लेथ थांबवून ओरडायचा, "अरे तपासणीवाल्याला बोलवा, ठसा घ्यायचाय!" बजाजच्या स्कूटरचा जॉब असो की पंपाचा. मालकांनी मात्र पुढे ते काम घेतले नाही. परवडत नाही म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने ते खरेच होते.

सांगायचा मुद्दा हा, की अशी शिस्त आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी पहिल्यांदा बसवावी लागते, आणि आर्यभट बांधताना ती बसवली गेली. कुठला ट्रान्झिस्टर कुठून आला, कुणी जोडला, कुणी तपासला, केव्हा नापास केला, याचे कागद ठेवण्याची सवय.

मग तो बिघडला कसा, असे कुणी विचारेल. बिघडला खरा. चार दिवसांनी, साठेक फेऱ्या झाल्यावर, प्रयोगांना वीज पुरवणाऱ्या भागात दोष आला आणि तीनही प्रयोग बंद करावे लागले. यावरून काही जण 'चार दिवसांत मेला' म्हणतात. दुसऱ्या बाजूने मोबाइलवर फिरणारे संदेश 'सतरा वर्षे काम केले' म्हणून छाती फुगवतात. दोन्ही मापाबाहेर. प्रयोग चार दिवस चालले. उपग्रहाची मुख्य यंत्रणा, इस्रोच्या नोंदीप्रमाणे, मार्च १९८१ पर्यंत चालू होती. अपेक्षा होती सहा महिन्यांची. आणि निकामी होऊनही तो फिरत राहिला आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये वातावरणात शिरून जळाला. तीन वेगळे आकडे, तीन वेगळ्या गोष्टींचे. आतला दोष बाहेरून, जमिनीवर येणाऱ्या आकड्यांवरूनच हुडकायचा, हेही ती मंडळी तेव्हाच शिकली. पुढचा भास्कर-१ हा ७ जून १९७९ ला गेला तो बराचसा आर्यभटाच्याच घडणीचा.

याच काळातली आणखी एक गोष्ट, जी अर्धीच सांगितली जाते. १० ऑगस्ट १९७९ ला आपले एसएलव्ही-३ हे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि बंगालच्या उपसागरात पडले. धवन यांनी पत्रकारांसमोर अपयश स्वतःच्या शिरावर घेतले आणि पुढच्या वर्षी यश आले तेव्हा प्रकल्प सांभाळणाऱ्या अब्दुल कलाम यांना पुढे केले, हे व्याख्यानांतून आपण इतके ऐकले आहे की पाठ झाले आहे. धवन मोठे होते, वादच नाही. पण त्या दिवशी काय चुकले? कलाम यांनी स्वतः ते अनेकदा सांगितले. उड्डाणाआधी संगणकाने उलटी गणती थांबवली होती. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. जाणकारांनी हिशेब केला की गळती आहे, पण साठा पुरून उरेल, जाऊ द्या. कलाम यांनी संगणकाचा थांबा बाजूला सारला. पहिला टप्पा नीट गेला, दुसऱ्यात नियंत्रण सुटले. रोज दुपारी तीन वाजता, गाडी भरायची घाई असताना, 'जाऊ द्या हो, गिऱ्हाइकाला कळणार पण नाही' हे ज्याने ऐकले आहे त्याला ही गोष्ट धवन यांच्या औदार्याइतकीच मोलाची वाटेल. पुढचे यान उडाले ते अशा प्रत्येक 'जाऊ द्या'चा माग काढून.

आपला लेख पुण्याच्या वर्तमानपत्रात आला आणि त्यात पुण्याचे कुणी नाही, याचेही नवल वाटले. वसंत गोवारीकर पुणेकरांना मान्सूनच्या भाकितामुळे आणि विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आठवतात. ते १९६७ मध्ये इंग्लंडमधून थुंबाला गेले ते घन इंधनाच्या कामासाठी, आणि १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. घन इंधन म्हणजे रबरासारखा घट्ट गोळा. त्यात बारीकशी जरी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब वाढतो आणि कवच फुटते. म्हणून तो गोळा क्ष-किरणांखाली तपासतात. ती कवचेही पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला होत आली आहेत. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याचे चित्र काढायचे, आत पाणी भरून दाब द्यायचा, मगच पुढे पाठवायचे. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे थुंबाच्या पहिल्या तुकडीत होते आणि पुढे इन्सॅट-१ या उपग्रहमालिकेचे प्रकल्प संचालक झाले. एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, उतारवयात पुण्यात राहिलेले. थुंबा आणि श्रीहरिकोटा या दोन्ही जागा हेरण्यात ते होते, आणि वर सांगितलेल्या खेड्यांतल्या टीव्हीचा कारभारही त्यांच्याकडे होता. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात आर्यभटाचा, म्हणजे ज्याचे नाव उपग्रहाला दिले त्या प्राचीन गणितज्ञाचा, पुतळा आहे, न्यूटन, गॅलिलिओ आणि आइन्स्टाइन यांच्या सोबतीला. शाळांच्या सहली तिथे फोटो काढतात. त्या मुलांना याच शहरातले हे लोक कुणी सांगत नाही.

स्वस्ताईचे कौतुक हा आणखी एक रोग. मंगळयान साडेचारशे कोटींत गेले, सिनेमापेक्षा स्वस्त, रिक्षापेक्षा स्वस्त. ऐकायला गोड. पण हे ऐकून मोठी झालेली मुले उद्या कारखान्यात सुपरवायझर होतात आणि पहिली कात्री लावतात ती तपासणीच्या खर्चाला. माझ्या डोळ्यांसमोर हे झाले आहे; निवृत्तीच्या आधी आमच्या खात्यात माणसे किती उरली होती ते सांगत नाही.

तर माझी विनंती अशी. पुढच्या वेळी अवकाशावर पान काढाल तेव्हा चित्रे हवी तर तीच घ्या, पण प्रत्येकाखाली कारण लिहा: बैल का, जाळी का, थुंबा का. आणि आपल्या शहरात व आसपास अशी कितीतरी माणसे आहेत ज्यांनी रॉकेटचे कवच वेल्ड केले, कंपन चाचणीचे फिक्स्चर बनवले, गेज घासून दिले. त्यांचे कारखाने बंद पडले, जागेवर टॉवर आले, रजिस्टरे रद्दीत गेली. त्यांच्याशी कुणीतरी बसून बोलावे आणि लिहून घ्यावे. मोठी नावे लिहायला बरेच जण आहेत. आपण वार्ताहर पाठवणार असाल तर अशा तिघांचे पत्ते मी देतो. एक वेल्डर आहेत, दोघे टर्नर. टर्नर दोघेही आयुष्यभर मशीनजवळ उभे राहिलेले, त्यांना ऐकू कमी येते, तेव्हा जरा मोठ्याने विचारावे लागेल.

आपला,
एक निवृत्त तपासनीस, चिंचवडगाव

(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. छापू नये, ही विनंती.)